पारख्याची लेक

त्या उन्हाळ्यातलं तिसरं तांबडं कोकरू जन्मलं तेव्हा दिवस कासराभर वर आला होता आणि पारखी कोपरापर्यंत हात भरून मेंढीच्या मागे उकिडवा बसला होता. कोकराचा एक पाय आत दुमडलेला. म्हाताऱ्याने बोटांनी चाचपून तो सरळ केला, मेंढीच्या कळेबरोबर हळूच ओढलं, आणि गिळगिळीत ओझं त्याच्या मांडीवर आलं. नाकातला चिकटा पुसून त्याने फुंकर मारली. कोकरू शिंकलं. म्हाताऱ्याला बरं वाटलं, पण घटकाभरच. गवताच्या मुठीने अंग पुसत गेला तसा रंग उघडा पडायला लागला. आधी वाटलं, रक्तच असेल. मूठ बदलली, पुन्हा घासलं. रंग काही निघेना.

"तांबडंच आहे, बाबा," मेंढीचं डोकं धरून बसलेली लेक म्हणाली.

"दिसतंय मला. डोळे फुटले नाहीत अजून माझे."

आई पांढरी, बाप पांढरा, आणि पोटी हे. पांढऱ्या लोकरीवर हवा तो रंग चढतो, तांबडीवर काही चढत नाही. व्यापारी ती बोटाच्या चिमटीत धरून बाजूला टाकतो. पण लोकरीचं दुःख दुय्यम. पारख्याचं खरं नाव होतं ते एडक्यांसाठी. त्याच्या कळपातला नर आपल्या कळपाला मिळावा म्हणून दहा गावचे लोक त्याच्या दाराशी येऊन बसत. मेंढीच्या कमरेवर हात ठेवून तो सांगायचा, ही दोन देईल, हिला दूध कमी येईल, हिच्या पोराचे पाय वाकडे निघतील. आणि तसंच व्हायचं. जनावराच्या बाबतीत तो कधी खोटं बोलला नव्हता, गिऱ्हाईक हातचं गेलं तरी नाही. त्याचं मूळ नाव काय होतं ते आता त्याच्या लेकीलाही आठवून सांगावं लागलं असतं.

"कातर दे."

लेकीने कातर दिली नाही. "हिचं हे चौथं बाळंतपण. आधीची तिन्ही पांढरी होती."

"होती ना? आता टाकलं तांबडं. जिने एकदा टाकलं ती पुन्हा टाकणारच."

ही त्याच्या बापाची रीत आणि बापाच्या बापाचीही. तांबडं कोकरू टाकणाऱ्या मेंढीचा डावा कान कातरायचा आणि पहिल्या बाजाराला ती विकून मोकळं व्हायचं. एडक्याला बोट लावायचं नाही. एडका म्हणजे निम्मा कळप, त्याला हात लावला तर घर बसलं. चाळीस वर्षं कान कातरले आणि चाळीस वर्षं तांबडी कोकरं जन्मतच राहिली. त्यावर म्हाताऱ्याचं उत्तर ठरलेलं होतं. खाण तशी माती, मेंढ्याच वाईट भेटतात.

"आणि एडका?" लेकीने विचारलं.

"एडक्याचं काय?"

"काही नाही. सहज विचारलं."

तिने कातर त्याच्या हातात दिली आणि तोंड फिरवलं. मेंढीने एकच झटका दिला.

भिंतीच्या सावलीत पोत्यावर त्याची नात बसली होती. अडीच वर्षांची, पण अंगाने दीड वर्षाची वाटायची, म्हणून सगळे तिला पिटुकली म्हणत. नवं कोकरू पाहून दुसरं पोर धावत आलं असतं, शेपटी ओढली असती, चार शिव्या खाल्ल्या असत्या. ही जागची हलली नाही. पोट तेवढं पुढे आलेलं, ओठ धुतल्या फडक्यासारखे पांढरे. आजोबाने कोकरू उचलून तिच्यापुढे नेलं तेव्हा तिने एक बोट त्याच्या ओल्या कानाला लावलं आणि दमून हात खाली ठेवला. रक्त चढवायची वेळ जवळ आली की ती अशी मलूल व्हायची.

लेक त्याने स्वतः होऊन आपल्या बहिणीच्या घरी दिली होती. बहिणीचा मुलगा एकुलता एक, स्वभावाने गायीसारखा, दुधाचा टेम्पो चालवायचा. "घरचं रक्त घरात राहील," असं पारखी लग्नात दहा जणांना सांगत फिरला होता, आणि उत्तम जोड जमवल्यावर त्याच्या चेहऱ्यावर जो तजेला यायचा तोच त्या दिवशी होता. पहिला मुलगा झाला. चौदा महिन्यांत सुकत सुकत गेला. दातांनी गेला, म्हणाले. मग पिटुकली. तीही सुकायला लागली तेव्हा मात्र लेकीने कुणाचं ऐकलं नाही, पोर उचलली आणि शहरातलं मोठं इस्पितळ गाठलं. पोरीच्या अंगात रक्तच नीट तयार होत नाही, असं तिथे कळलं. दर तीन-चार आठवड्यांनी दुसऱ्याचं रक्त चढवायचं, आणि ते जन्मभर. इस्पितळाला जाणारी बस पारख्याच्या गावातून सुटायची, म्हणून सासूने लेकीला चार दिवसांसाठी माहेरी पाठवलं होतं. त्या चार दिवसांना आता दोन महिने होत आले होते.

दुपारी भाचा टेम्पो घेऊन आला. इंजिन बंद केलं नाही. मागचं फळकूट पाडून त्याने एक गाठोडं उतरवलं, मग एक पत्र्याची पेटी. पेटी लेकीची होती, लग्नातली.

"मामा, आईने हे दिलंय. तिचे कपडे आहेत. पोरीचा पेलापण आहे यात."

"सगळेच कपडे?"

भाच्याने फळकूट वर केलं, कडी लावली, कडी नीट लागली होती तरी पुन्हा काढून लावली. "आई म्हणते, हिच्या पोटात दोष आहे. दोन्ही लेकरं तशीच. आई एक मुलगी बघून आलीय."

"आणि तू?"

"मी हो म्हटलेलं नाही."

"नाही म्हटलंस का?"

भाचा चाकाकडे पाहत राहिला. तेवढ्यात लेक पिटुकलीला कडेवर घेऊन बाहेर आली. पोरीने बापाला पाहिलं आणि सकाळपासून न उचललेले दोन्ही हात वर केले. त्याने तिला घेतलं. दुधाच्या वासाच्या सदऱ्यावर तिने गाल टेकला आणि त्याने तिच्या मानेत नाक खुपसलं, आणि बराच वेळ तसाच उभा राहिला. लेकीने त्याच्या सदऱ्याचं तुटलेलं बटण तेवढं पाहिलं.

"इंजिन बंद करून बसा तरी," ती शेवटी म्हणाली.

"दूध नासेल," तो म्हणाला. पोरीला परत देताना त्याच्या हातांना ते जमेना, आणि टेम्पो वळवताना त्याने कुंपणाचा खांब घासला.

म्हाताऱ्याने पेटी उचलून आत नेली. मरून पडलेली मेंढी त्याने अनेकदा एकट्याने उचलली होती, पण या पेटीने त्याच्या कमरेत कळ आली. बहीण असं करेल हे त्याच्या कल्पनेतही नव्हतं. आणि तरी कुठेतरी त्याला ओळखीचं वाटत होतं. ती त्याच बापाच्या घरात वाढली होती, कान कातरताना मेंढीचं डोकं तिनेही धरलं होतं.

इस्पितळात पोरीची शीर सापडेपर्यंत तीनदा सुई टोचावी लागली. तिसऱ्या वेळी ती रडलीसुद्धा नाही, आईकडे नुसती बघत राहिली. मेंढ्यांची आतडी हाताने सारखी करणारा पारखी ते बघवेना म्हणून बाहेर आला. जिन्याखाली एक टेबल होतं. तिथे एक बाई बसायची, आजाराबद्दल घरच्यांना समजावून सांगणं हे तिचं काम. मागच्या वेळी घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासायला घेतलं होतं, भाच्याचंही. बहिणीने मात्र सुई टोचून घेतली नव्हती. "माझ्या रक्तात काय बघताय, माझं रक्त शुद्ध आहे," असं सांगून ती नाकाने कांदे सोलत उठून गेली होती.

बाईने कागद पुढे केला. कागदावर गोल, चौकोन, रेघा. "आजोबा, हे तुम्ही, ही तुमची मुलगी..."

"बाई, मला हे गोल-चौकोन कळत नाहीत. माझ्याकडे मेंढ्या आहेत. पांढरा एडका, पांढरी मेंढी, आणि मधेच तांबडं कोकरू. तसलंच काही आहे का हे?"

बाईने पेन खाली ठेवलं. ती हसली, आणि खुर्ची पुढे ओढून बसली. "अगदी तसलंच आहे. तुम्ही तर माझं निम्मं काम केलंत."

मग तिने सांगितलं. प्रत्येक जिवाजवळ प्रत्येक गुणाचे दोन वाटे असतात, एक आईचा, एक बापाचा. आपल्या लेकराला देताना त्यातला एकच द्यायचा असतो, आणि कोणता जाईल हे कुणाच्या हातात नसतं. पांढऱ्या एडक्यात एक वाटा पांढरा आणि एक तांबडा असला, तर पांढरा तांबड्याला झाकून टाकतो. एडका दिसायला पांढराच. मेंढीचंही तसंच. दोघांचे झाकलेले वाटे एकाच कोकराच्या वाट्याला आले, की झाकायला काही उरत नाही.

"आणि असं किती वेळा होतं?"

"चारात एकदा. पण दर खेपेला नव्याने. एक तसं झालं म्हणून पुढची तीन सुटली, असं नाही. तुमच्या घरी दोन्ही वेळा तेच आलं."

पारखी मान खाली घालून बसला. त्याला हे समजायला काहीच वेळ लागला नाही. खरं तर इतक्या लवकर समजलं म्हणूनच तो हादरला. चाळीस वर्षं हे त्याच्या डोळ्यांपुढे जन्मत होतं आणि तो एकाच अंगाने बघत होता.

"म्हणजे दोष मेंढीचा नसतो," तो म्हणाला.

"दोष कुणाचाच नसतो, आजोबा. पण निम्मा वाटा एडक्याचा असतोच."

"माझ्याकडून लेकीला गेला."

"हो. तुमच्या रक्तात तो आहे, हा बघा कागद. पण तुम्हाला स्वतःला काही त्रास नाही, कारण दुसरा वाटा चांगला आहे. तुमच्या भाच्यातही आहे. त्याला तो बहुतेक तुमच्या बहिणीकडून आला असणार. तुम्हा दोघांना आईकडून किंवा वडिलांकडून. एकाच घरात लग्न झालं की हे झाकलेले वाटे एकमेकांना गाठतात. लग्न कुणी जमवलं होतं?"

"मी," पारखी म्हणाला.

बाईला वाईट वाटलं असावं. ती घाईघाईने पुढचं सांगायला लागली. पुढच्या वेळी नवरा-बायको दोघांनाही घेऊन या, अशी कितीतरी जोडपी नीट संसार करतायत, आणखी मूल हवं असेल तर दिवस राहिल्यावर तिसऱ्या महिन्यात तपासणी करता येते, मूल कसं आहे ते आधीच कळतं. पारखी हो हो म्हणत होता. पण त्याच्या डोळ्यांपुढे कातरलेले कान होते. किती झाले असतील चाळीस वर्षांत? वर्षाला दोन धरले तरी. बाईचं ते शेवटचं बोलणं या कानाने शिरलं आणि त्या कानाने गेलं.

दुसऱ्या दिवशी लंगडा आला. लहानपणी झाडावरून पडून पाय मोडलेला मेंढपाळ, पारख्याने बाजारात काढलेल्या मेंढ्या स्वस्तात उचलायचा आणि वर चेष्टा करायचा. आता त्याला पारख्याच्या मोठ्या एडक्याचा एक बच्चा हवा होता.

"आधी सांग," पारख्याने विचारलं, "माझ्या कानकापलेल्या मेंढ्या तू नेतोस, त्यांनी तुझ्याकडे तांबडं टाकलं कधी?"

लंगडा खो खो हसला. "एकदाही नाही. सगळी पांढरी शुभ्र. म्हणून तर तुला पारखी म्हणतात ना! सोनं मला विकतोस आणि पितळ गोठ्यात ठेवतोस."

एरवी म्हाताऱ्याने चार खणखणीत ऐकवली असती. आज तो गुमान उठला आणि एडक्यापाशी गेला. देखणं जनावर. छातीवर दोन मुठी मावतील एवढी लोकर, डोळे शांत. पारखी त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिला.

"याचा बच्चा मिळणार नाही. याच्या अंगात तांबडं आहे."

"कुठे आहे? दूध परवडलं एवढा पांढरा आहे!"

"झाकलेलं आहे."

"मग राहू दे ना झाकलेलं. कुणाला कळणार आहे?"

"मला कळलंय," पारखी म्हणाला. "उद्या खच्ची करणार याला."

लंगड्याचं हसू मावळलं. अख्खं नाव ज्या जनावरावर उभं होतं ते हा माणूस स्वतःच्या तोंडाने खाली पाडत होता. "वेड लागलं का तुला?" असं पुटपुटत तो गेला. पण पारख्याला कित्येक दिवसांत पहिल्यांदा हलकं वाटलं. खरं काय ते आता त्याच्या हातात होतं. बहिणीपुढे तो हेच खरं ठेवणार होता. निम्मा वाटा तुझ्या पोराचा आहे, ताई, आणि तुझाही. मग कशी टाकतेस माझ्या लेकीला, बघतो. न्याय आपल्या बाजूला आहे अशा माणसासारखा तो त्या दिवशी पोटभर जेवला.

बहिणीचं घर रस्त्याला लागून. ती अंगणात बसून राखेने दुधाच्या कॅन घासत होती. नवरा गेल्यापासून वीस वर्षं हेच काम, हातांची कातडी राखेच्याच रंगाची झालेली. भावाला तिने बसायला सांगितलं, भाचीला सांगितलं नाही. लेक पायरीवर बसली, पिटुकली तिच्या मांडीवर. नवं रक्त चढलं होतं, त्यामुळे पोरीच्या ओठांवर थोडी लाली होती आणि ती पायरीवरच्या मुंग्या मोजल्यासारखी बघत होती. भाचा कॅन टेम्पोत चढवत होता. मामाचा आवाज ऐकून तो दारात येऊन उभा राहिला, हातात रिकामी कॅन तशीच.

पारख्याने सगळं सांगितलं. दोन वाटे, एक झाकलेला, एक उघडा. बहीण कॅन घासत ऐकत होती. हळूहळू तिचा हात थांबला.

"म्हणजे माझ्या पोराला मी दिलं?"

"माझ्या पोरीला मी दिलं, तुझ्या पोराला तू. आपल्याला आईने दिलं असेल, नाहीतर अण्णांनी."

"आईनेच," बहीण म्हणाली. "आठवते ना कशी पांढरी पडायची? विहिरीवरून दोन घागरी आणल्या की बसायची. आणि आपल्यातली दोघं गेली बघ, पाळण्यात. आई म्हणायची दातांनी गेली." तिने राखेचा हात तसाच तोंडावर धरला. "माझा नातू या मांडीवर गेला रे. मी त्याला दात दुखतात म्हणून मध चाटवत होते."

ती रडायला लागली. पारखीही रडला. दोघं म्हातारी भावंडं कॅनच्या ढिगापाशी बसून, पन्नास वर्षांपूर्वीच्या पाळण्यातल्या पोरांसाठी आणि परवाच्या नातवासाठी एकत्र रडली. पायरीवरून लेक बघत होती. तिला वाटलं, आता मिटलं. पेटी परत आणावी लागेल, आणि यांच्या सदऱ्याचं बटण लावायला हवं, एवढंच तिच्या मनात आलं.

बहिणीने पदराने डोळे पुसले. राखेचे पट्टे गालांवर उमटले.

"मग पोरीचा दोष नाही."

"नाही."

"माझ्या पोराचा एकट्याचाही नाही. दोघं एकत्र आले की होतं."

"हो, ताई. तेच सांगतोय मघापासून."

"आणि वेगळे झाले तर?"

पारख्याने मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

"मी भांडत नाहीये," बहीण म्हणाली, आणि ती खरोखरच भांडत नव्हती. तिचा आवाज खाली आला होता, लहान भावाला अंगाई म्हणायची तेव्हासारखा. "मला कळत नाही म्हणून विचारते. हिच्या पोटाला मी बोल लावला, चुकले मी. पण आणखी एक लेकरू तसं गेलेलं मला बघवणार नाही. तू जाणता आहेस. तुझ्या कळपात अशी जोडी निघाली असती तर काय केलं असतंस?"

भाचा मामाकडे बघत होता, लेक बापाकडे. त्या घरात, त्या गावात, पुढच्या दहा गावांत सगळ्यांना एक गोष्ट ठाऊक होती की हा माणूस याबाबतीत खोटं बोलत नाही. आणि प्रश्न इतका सोपा होता. चाळीस वर्षांत न सुटलेलं कोडं परवाच तर सुटलं होतं, त्याचं उत्तर अजून त्याच्या जिभेवर ताजं होतं.

"वेगळी केली असती," पारखी म्हणाला. "दुसऱ्या जोडीला दोघांचीही पिल्लं धड निघतात."

बोलून झाल्यावर त्याने ते ऐकलं.

बहिणीने मुलाकडे पाहिलं. जिंकल्यासारखं नाही, दमल्यासारखं. भाच्याने हातातली कॅन खाली ठेवली, तिचा आवाज झाला तशी पिटुकली दचकली.

लेक उभी राहिली. अंगणातून चालत नवऱ्यासमोर गेली. लग्नानंतर चारचौघांत ती त्याच्याशी पहिल्यांदाच इतक्या स्पष्ट आवाजात बोलली. "तुमचं काय म्हणणं आहे?"

त्याचे डोळे भरून आले होते. ओठ हलले. मग तो म्हणाला, "मामाच म्हणतात, तर..."

तिने थोडा वेळ वाट पाहिली, वाक्य पुढे जातंय का म्हणून. ते गेलं नाही. त्याने पिटुकलीला घ्यायला हात पुढे केले तेव्हा तिने पोरीला दिलंही, बापाला भेटू दिलं, आणि मग तितक्याच हळुवारपणे परत घेतलं.

गाडीथांबा बराच लांब होता. ऊन डोक्यावर. लेक पुढे चालत होती, म्हातारा मागे. दोनदा तो म्हणाला, "पोरीला माझ्याकडे दे, दमशील." तिने दिलं नाही. थांब्यावर चार-पाच माणसं होती. ती त्यांच्यापासून बाजूला, एका दगडापाशी उभी राहिली.

"बाबा," ती म्हणाली, "त्या टेबलावरच्या बाईंनी आणखी काय सांगितलं होतं? आत सिस्टरही सांगत होती मला, दोघं मिळून या. पुढच्या वेळी दिवस राहिले की लवकर तपासणी करता येते. आधीच कळतं."

बाईची खुर्ची, तिचे हलणारे ओठ, सगळं आता म्हाताऱ्याला लख्ख आठवलं.

"म्हणाल्या होत्या. कितीतरी जोडपी नीट राहतायत, असंही म्हणाल्या."

"मग तिथे का नाही सांगितलंत? तुम्ही सांगाल म्हणून मी वाट बघत होते."

"डोक्यातच आलं नाही गं." तो आल्या रस्त्याकडे वळला. "मेंढ्यांत तसलं काही नसतं. ताईने कळपाचं विचारलं, मी कळपाचं सांगितलं. चल, मागे फिरू. आत्ता जाऊन सांगतो. पाया पडतो तिच्या."

"कुणाला सांगणार? आत्या आहेत तशा आहेत. पण ते?" तिने पोरीला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. "एका वाक्यात सोडलं त्यांनी मला, बाबा. आता तपासणीचं ऐकून घेतीलही परत. पण त्या वाक्याचं मी काय करू?"

"चूक माझी आहे."

"हो," ती म्हणाली. तिने ते नाकारलं नाही, आणि तिच्या बोलण्यात रागही नव्हता. "आत्या काहीही विचारू देत. तुम्ही म्हणायचं होतं, ही माझी लेक आहे. एवढंच म्हणायचं होतं. तुम्ही मला पारखत बसलात."

पारखी त्या दगडावर बसला आणि मोठ्याने रडायला लागला. थांब्यावरची माणसं वळून बघायला लागली, कुणीतरी विचारलं, कोण गेलं म्हणून. लेकीने त्यांना उत्तर दिलं नाही आणि बापाला गप्पही केलं नाही. बस आली तेव्हा म्हाताऱ्याला काही उठवेना. तिने एका हाताने पोरीला धरलं, दुसऱ्या हाताने बापाच्या दंडाला धरून त्याला उठवलं, पायरी चढवली, खिडकीपाशी बसवलं, आणि पिटुकलीला त्याच्या मांडीवर ठेवून ती तिकीट काढायला गेली.